बिनब्रेकची गाडी आणि उजवा कौल

जुन्या मोटरसायकली घेण्या-विकण्यात माझं आयुष्य गेलं. महाडला हायवेच्या कडेला दुकान आहे, कुणाच्या उपकारावर उभं राहिलेलं नाही. गाडी आली की मी आधी ब्रेक दाबतो. आंबेनळी घाट उतरणाऱ्या माणसाला कच्च्या ब्रेकची गाडी मी कधी विकली नाही. आणि माझाच धाकटा भाऊ ब्रेक नसलेल्या गाडीवर शर्यत खेळायला परदेशात गेला, हे मला एका गिऱ्हाइकाने सांगितलं.

बायकोला विचारलं, तर तिला महिनाभर ठाऊक होतं.

"अहो, त्या गाड्यांना ब्रेक नसतातच. गोल मातीचा ट्रॅक. चौघं सुटतात, दोन आपले, दोन त्यांचे. देशादेशांच्या टीम आहेत."

"आणि थांबायचं कसं? झाडाला धडकून?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

नसतंच दिलं. पण त्याला गाडी धरायला शिकवली मी, आणि मलाच वगळलं. तो राग अजून गेलेला नाही.

शर्यतीच्या सकाळी मी उमरठच्या बाजूला आमच्या गावी गेलो. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी कळी पडली तर बरं, डावी पडली तर वाईट. धाकट्याला काही होणार नाही ना, असं विचारलं होतं. डावी पडली.

"परत लाव," मी म्हणालो.

"तोच सवाल दोनदा इचारता येत नाय. ही काय तुझी गाडी हाय, घासाघीस करायला?"

"मग दुसरा सवाल घाल. तो स्वतःच्या पायांवर चालेल का?"

बराच वेळ काहीच हललं नाही. मग उजवी कळी पडली. मी नमस्कार करून निघालो. वाटलं, जमलं.

संध्याकाळी दुकानातच मोबाईलवर शर्यत लावली. बायको शेजारी उभी होती. चारही गाड्या मागची चाकं घसरवत वळणात शिरायच्या आणि माझा पाय जमिनीवर ब्रेक शोधायचा. एकाचं इंजिन बंद पडलं, उरले तिघे. शेवटच्या वळणावर आमच्याची गाडी आडवी झाली. तो फरफटत कडेच्या गवतात गेला आणि पडून राहिला.

बायकोने माझं मनगट धरलं. तेव्हा मला कळलं, सौद्यात मी फक्त पाय बोललो होतो. हात नाही, मान नाही, डोकं नाही. दुसऱ्याचा असा अर्धवट शब्द मी आयुष्यभर हेरला होता.

तो उठला. एक हात लोंबत होता. दुसऱ्या हाताने त्याने गाडी उभी केली आणि ढकलायला लागला.

"सोड ती! सोड, गाढवा!" मी ओरडलो. रस्त्यावरची माणसं थांबली.

त्याने सोडली नाही. पुढचे दोघे कधीच पोचले होते; तिसऱ्यालाही टीमसाठी एक गुण असतो. चालत, अडखळत त्याने रेषा ओलांडली. देवीने शब्द पाळला होता, अगदी मी बोललो तेवढाच.

बऱ्याच वेळाने फोन आला.

"दादा, ओरडू नकोस. मनगट मोडलंय, बाकी बरा हाय. वहिनीला इतक्यात सांगू नको."

ती माझ्या खांद्याशी कान लावून उभी होती. "नाय सांगत," मी म्हणालो.

"हात बरा झाला की पुढच्या मोसमात परत घेणार मला."

तेव्हापासून गाडी तपासताना, जेवताना, मी गुरवापुढे घालायचा नवा सवाल जुळवत असतो. मान धरली की डोळे सुटतात, डोळे धरले की पाठ. पुरा सवाल अजून झालेला नाही.