डाव्या बाजूचं वेल्डिंग

मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे माहीत नाही. पुण्यात आईबाबांना नाही, ऑफिसात तर नाहीच. आज पहिल्यांदा तोंड उघडतोय. आणि बघा ना, सुरुवात केली तीही बायकोच्या आडून.

तर गाडी. इथे परदेशात, आइंडहोवनजवळच्या आमच्या गावात मी एक जुनी अमेरिकन पिकअप घेतली. व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले, “एवढं शिकून टेम्पो घेतलास?” मला ती जमिनीला टेकल्यासारखी खाली बसवायची होती. नुसत्या स्प्रिंगा बदलून भागत नाही, मागच्या चाकांचा ॲक्सल फ्रेमवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, आदळतो. म्हणून फ्रेमच्या दोन्ही दांड्यांना, ॲक्सलच्या बरोबर वर, अर्धगोल खाच कापायची आणि जाड पोलादी पट्टी वेल्ड करून तो भाग पुन्हा मजबूत करायचा. हौस म्हणा, खाज म्हणा.

शेड आणि वेल्डिंग मशीन शेजारच्या पीटकाकांचं. त्यांना ‘काका’ मेधाने केलेलं, मग मीही तेच म्हणू लागलो. आयुष्यभर गोदीत जहाजं जोडलेला माणूस. बायको गेल्यावर शेडमध्येच असायचे. अलीकडे हात जरा थरथरायला लागले होते, आणि त्याचीच त्यांना धास्ती होती. मशीन हातात घेतलं की मात्र थरथर थांबायची — मी पाहिलंय.

फ्रेम स्टँडवर उलटी टाकून आम्ही दर शनिवारी काम करायचो. एक दांडी त्यांनी वेल्ड केली, एक मी. त्यांची एकच ताकीद होती : वेल्डला ग्राइंडर लावायचा नाही. घासलं की ताकद जाते, आणि काम कुणाच्या हातचं ते कळत नाही. प्रत्येकाच्या वेल्डला हस्ताक्षर असतं म्हणायचे. त्यांचं सुबक होतं. माझं? डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं.

मला लाज वाटली. कंपनीत मायक्रॉनच्या गप्पा मारणारा मी, कॉलेजच्या ग्रुपवर असले फोटो टाकणार? पीटकाका दोन दिवस मुलीकडे टिलबर्गला गेले होते. मी दोन्ही बाजू घासून काढल्या. फक्त माझी घासली असती तर फरक दिसला असता ना — म्हणून त्यांचीही. आरशासारखी गुळगुळीत.

आणि घासताना माझ्या बाजूला एक रेघ दिसली. केसाएवढी. वेल्ड आत भिनलंच नव्हतं. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे हो, ती रेघ म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी तिच्यावर प्रायमर मारला. मग काळा रंग.

काका परत आले, रंगावरून बोट फिरवलं, “छान दिसतंय,” म्हणाले आणि कॉफी करायला गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं का? माहीत नाही.

गाडी जोडली, शेतामागच्या रस्त्यावर महिनाभर फिरवली आणि मग सरकारी तपासणीला नेली, पीटकाकाही सोबत आले. इथे फ्रेमला हात लावला की ती चुकत नाही. तपासनीसाने गाडी वर उचलली, टॉर्च मारला. डाव्या दांडीवर रंग फाटला होता, खाली चीर. त्याने विचारलं, हे वेल्डिंग कुणी केलं?

फ्रेम उलटी होती तेव्हा आमची डावी-उजवी उलटसुलट झालेली. कुणाच्या लक्षात राहणार? माझ्या राहिलं होतं. पीटकाका त्या गुळगुळीत पट्टीकडे बघत राहिले, स्वतःचं काम ओळखायला. ओळखणार कशावरून? मी काही शिल्लक ठेवलंच नव्हतं. मग त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, “माझंच असणार.”

मी गप्प बसलो.

नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ... नाही, तेही नको. घरी आल्यावर मेधाने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, “पीटकाकांचा हात थरथरतो गं, वय झालं.” इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत चार जणांसमोर हेच सांगितलं, वर हळहळही व्यक्त केली. लोक म्हणाले, तू फार समजूतदार आहेस.

डावी बाजू एका गॅरेजने पुन्हा करून दिली, गाडी पास झाली. पीटकाकांनी त्यानंतर मशीनला हात लावला नाही. ते मलाच देऊन टाकलं. त्यांच्या मुलीने माझे आभार मानले — बरं झालं, आता बाबा जिवाशी खेळणार नाहीत. शेडमध्ये आता तिच्या मुलांच्या सायकली असतात. पीटकाका दिवसभर खिडकीत बसतात, आणि कप धरायलाही त्यांना आता दोन हात लागतात.

मेधा रविवारी त्यांना उपमा पाठवते. घेऊन मी जातो. दर वेळी ते माझा हात धरून म्हणतात, तुझी गाडी मी बिघडवली, मला माफ कर.

आणि मी माफ करतो.