नसलेल्या बावखलाच्या काठाने

"हा परिच्छेद काढ," मी म्हणालो आणि त्यावर लाल रेघ मारली.

रोशेल माझ्या वसईच्या ऑफिसात ज्युनियर आर्किटेक्ट होती. मास्टर्सच्या प्रवेशासाठी तिने स्टेटमेंट लिहिलं होतं. आपण काय केलं, पुढे काय करायचं आहे आणि त्यासाठी हाच अभ्यासक्रम का, हे अर्जासोबत लिहून द्यावं लागतं. त्यातला 'करिअर गोल्स'चा भाग निवड समिती सर्वांत बारकाईने वाचते. हा तिचा दुसरा प्रयत्न होता. तिसऱ्यासाठी घरून परवानगी नव्हती.

खोडलेला मजकूर असा होता : 'वटारला आमच्या इमारतीखाली लोक नसलेल्या तळ्याला वळसा घालून चालतात. असं का होतं, हे मला शोधायचं आहे.'

"ही भुताची गोष्ट वाटते. शाश्वत शहरी विकास वगैरे लिही."

"ते गेल्या वर्षी लिहिलं होतं, सर. तुम्हीच सांगितलं होतं."

मी लाल पेन खाली ठेवलं.

"एकदा येऊन बघा," ती हळूच म्हणाली. "मग खोडा."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर मी वटारला गेलो. चार मजली साधी इमारत, खाली स्टिल्ट. म्हणजे खांबांवरची मोकळी जागा, जिथे गाड्या लावतात. रोशेल गेटपाशी थांबली होती; तिचे वडील इनासभाऊ खुर्ची टाकून बसले होते. इमारत होण्यापूर्वी तिथे त्यांची केळीची वाडी होती आणि वाडीच्या मधोमध बावखल होतं. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं. सगळ्या वाडीला पाणी तिथूनच जायचं. बिल्डरने भराव टाकून ते बुजवलं.

गाड्या भिंतीकडेने दाटीवाटीने लावलेल्या होत्या. दोन स्कूटर तर गेटबाहेर उन्हात उभ्या होत्या. मधली जागा मात्र रिकामी होती.

वॉचमन नवा होता, परप्रांतातला. त्याला मी विचारलं, "मध्ये गाडी का लावत नाहीत? सोसायटीचा नियम आहे?"

"नियम नाय साहेब. पण लावत नाय कोणी."

"तू कधी सांगितलंस त्यांना, लावू नका म्हणून?"

"मी कशाला सांगू?"

तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई गेटमधून आल्या. मोबाइलवर बोलत होत्या. लक्ष जमिनीकडे नव्हतं. लिफ्ट अगदी समोर होती. त्या डावीकडे वळल्या, लांबचा गोल फेरा घेऊन लिफ्टपाशी पोचल्या.

"तिसऱ्या मजल्यावरच्या," रोशेल म्हणाली. "नालासोपाऱ्याहून आल्यात, गेल्या महिन्यात. बावखल त्यांना माहीतच नाही."

मी लेव्हल पाइप आणला होता. पाणी भरलेल्या या पारदर्शक नळीने जमिनीचा उतार कळतो. लादी सगळीकडे समतल निघाली. ओल नव्हती, भेग नव्हती. मधोमध हात टेकवला, तर लादी बाकीच्या लादीसारखीच होती. तरी हात मी लवकर उचलला.

"माणसांना सवय लागते. एक वळला की दुसरा वळतो," मी म्हणालो. "हे बघा."

मी गेटपाशी गेलो, लिफ्टच्या दारावर नजर ठेवली आणि सरळ चालत निघालो. आपण सरळ चाललो आहोत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. लिफ्टच्या दाराला हात लावून मी मागे वळून पाहिलं.

वॉचमन माझ्याकडे पाहत नव्हता. इनासभाऊ मात्र हसत होते.

"काय सर, तुम्ही पण काठाने गेलात? बुडाला नसतात हो!"

"मी सरळ आलो."

"नाही, सर," रोशेल म्हणाली. तिला हसू आलं नव्हतं. "बावखलाच्या पायऱ्या होत्या, बरोबर तिथे वळलात."

परत जाताना मी पुन्हा सरळ जायचं ठरवलं नाही. भिंतीकडेने, गाड्यांमधून वाट काढत बाहेर पडलो.

सोमवारी मी रोशेलकडून स्टेटमेंटची नवी प्रत मागितली. खोडलेला परिच्छेद जसाच्या तसा ठेवला आणि शिफारसपत्रात लिहिलं, की जागा मी पाहिली आहे आणि मला कारण सांगता आलेलं नाही. व्यावसायिक कारकिर्दीत असं वाक्य मी प्रथमच लिहिलं.

मुलाखतीत निवड समितीने तिला त्याच परिच्छेदाबद्दल विचारलं. "याचं स्पष्टीकरण काय?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "माहीत असतं तर अर्ज केला नसता."

तिला प्रवेश मिळाला. तिच्या जागी आलेला मुलगा साइटवर पोचताच टेप काढतो. मी त्याला थांबवतो आणि आधी गेटपाशी उभं राहून माणसं कुठे वळतात ते पाहायला सांगतो. तो मला विक्षिप्त समजतो. समजू दे.