बोटांच्या बेचक्यातली पट्टी

डार्मश्टाटच्या बॉक्सिंग क्लबात चामड्याचा आणि घामाचा वास कोंडलेला असतो. काल तिथला म्हातारा जर्मन ट्रेनर माझ्या मुलीच्या हाताला पट्टी बांधत होता. आधी मनगटाला वेढे, मग एकेका बोटाच्या बेचक्यातून. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं तो स्वतःशीच पुटपुटला.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये माझं मनगट मुरगळलं होतं, तेव्हा आजोबांनी अगदी अशीच पट्टी बांधली होती. तिला कापराच्या तेलाचा वास येत होता.

"आजोबा, मनगट मुरगळलंय. बोटं कशाला बांधताय?"

"मला अशीच येते. लढाईत आमच्या पलटणीवर एक गोरा सार्जंट होता, मूळचा लंडनचा बॉक्सर. रिंगमध्ये उतरण्याआधी माझे हात तोच बांधायचा आणि मग मलाच ठोकायचा. मीही ठोकायचो. गोऱ्याला मारायची मुभा तेवढ्याच जागी होती."

मी हसले. तेव्हा मला त्यातली गंमतच तेवढी दिसली.

"मग त्याचं काय झालं?"

"इटलीत जर्मनांची गोळी लागली. छातीत." आजोबांनी गाठ मारली. "मी त्याचे हात बांधत बसलो. मला तेवढंच येत होतं."