न लावलेला पाना

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. सात वर्षं झाली. तुम्हाला का सांगते आहे? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. उद्या आमच्या पार्किंगमध्ये तुम्ही मला भेटणार नाही, एवढं मला पुरे आहे.

घाई मात्र करू नका. एका दमात सांगायचा प्रयत्न मी करून पाहिलाय — जमत नाही.

मी विश्रांतवाडीत राहते, एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे आणि मोटरसायकल चालवते. स्कूटर नाही, मोटरसायकल. जुनी, दीडशे सीसीची. दुरुस्तीही मीच करते. बाईमाणूस हातात पाना घेऊन जमिनीवर बसलंय म्हटलं की येणारे-जाणारे थांबून बघतात. बघू देत. त्यांना दुसरा उद्योग नसतो.

हे सगळं मला शिकवलं प्रकाशदादांनी. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. तेव्हा भोसरीला एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. त्यांचा हात इतका नेटका की नट आवळताना कान देऊन ऐकायचे, आणि बरोबर जिथे थांबायचं तिथे थांबायचे. दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये आम्ही पाच-सहा जण जमायचो. ऑइल बदलायचं, चेन धुवायची, ब्रेक, प्लग, केबल — गॅरेजात न जाता, आपल्या हाताने. शोभावहिनी, म्हणजे दादांच्या मिसेस, घरातून चहा पाठवायच्या आणि सोबत एक टोमणा. मला ते रविवार आवडायचे. आठवडाभर फायलींमध्ये मान घालून बसल्यावर एखादी गोष्ट खरोखर दुरुस्त होताना बघणं — फार बरं वाटायचं हो.

दादांचा एक नियम होता, कारखान्यातून आणलेला. ज्याने नट आवळला, त्याने तो स्वतः तपासायचा नाही. दुसऱ्याने तपासायचा. पाना लावून बघायचं, नट हलत नाही अशी खात्री झाली की नटावरून खालच्या लोखंडापर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढायची. पुढे कधी नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. नेलपॉलिश माझी होती, कुणीतरी भेट दिलेली, लालभडक. मी ती कधी नखांना लावली नाही. त्यामुळे खुणा करायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. गाडी काढण्याआधी दादा खाली वाकून रेघा बघायचे. रेघ अखंड आहे, म्हणजे वैशालीने पाहिलंय. विषय संपला.

आता त्या रविवारचं.

सकाळी मी माझ्या गाडीचं ऑइल बदलत होते. इंजिनाच्या खालचा बोल्ट मी जरा जास्तच जोर लावून आवळला आणि आटे गेले. चूक माझी. दादांनी बघितलं, मान हलवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सरकारी माणसाच्या हातात पाना दिला की असंच व्हायचं. एक तर काम करणार नाहीत, आणि केलं तर हे असं."

सगळे हसले. मीही हसले. काय करणार? त्या दिवशी दोन मुलं नवीन आली होती, कोथरूडहून. त्यांच्यासमोर मला बाईमाणसाने शहाणपणा केल्यासारखं वाटलं. दादा पुढच्या मिनिटाला ते विसरले असतील, कारण लगेच माझ्यासाठी नवीन बोल्ट शोधायला लागले. मी विसरले नाही. माझा स्वभावच तसा आहे, शब्द लागला की आतल्या आत घोळवत बसते.

नंतर दादांनी स्वतःच्या गाडीचं मागचं चाक काढलं आणि ब्रेकचे लायनर बदलले. चाक परत बसवलं. मागच्या ब्रेकला एक झाकण असतं. ब्रेक दाबला की ते चाकाबरोबर फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी त्याला धरून ठेवते. त्या पट्टीचा नट दादांनी बोटाने फिरवून बसवला, आणि तेवढ्यात वॉचमन हाका मारत आला — टाकीचा पंप बंद पडलाय. दादा गेले. परत आले ते थेट एक्सलकडे, म्हणजे चाकाच्या आसाकडे वळले. तो आवळला. बाकीचं आवळलं. पट्टीचा नट तसाच राहिला. मग मला म्हणाले, खुणा कर गं, आणि हात धुवायला गेले.

मी बसले. एक्सलला पाना लावला, रेघ ओढली. मग त्या पट्टीपाशी आले. नटाखाली स्प्रिंग वॉशर असतो, नट घट्ट असला की तो दबून सपाट होतो. तो दबलेला नव्हता. फट दिसत होती.

थांबा. मी विसरले, माझं लक्ष नव्हतं — असं मी स्वतःला वर्षभर सांगत होते. खोटं आहे ते. मला फट दिसली. आनंद झाला मला. झालाच. म्हटलं, सापडले दादा. आता बोलायचं नाही. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या देखत, त्या कोथरूडच्या मुलांच्याही देखत, पाना लावायचा आणि म्हणायचं, दादा, हे काय? सरकारी माणसाने आवळलाय का?

आणि तोवर दादांना कळू नये म्हणून त्या सैल नटावरून मी रेघ ओढली. सुबक.

दादा आठवडाभर गाडी काढत नसत. कामाला कंपनीच्या बसने जायचे. मी त्याच हिशोबाने गप्प बसले. धोका नाही असं मला खरंच वाटलं होतं का? वाटलं होतं. पण त्याला काय अर्थ आहे?

बुधवारी सकाळी मी दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. खाली दादा गाडीपाशी दिसले. वहिनींच्या भावाकडे, सासवडला, भाचीला बघायला पाहुणे येणार होते. अचानक ठरलेलं. दादांनी रजा टाकली होती. हे मला नंतर कळलं. पण तेव्हा मला काहीच कळलं नाही असं म्हणू कसं? वहिनी ठेवणीतली साडी नेसून उभ्या होत्या. ठेवणीतली साडी नेसून कोणी धानोरीला भाजी आणायला जातं का?

दादा खाली वाकले. एकेक रेघ बघितली. उभे राहिले, हेल्मेट घातलं. वहिनींनी वर बघून मला हात केला.

"दादा, थांबा" — दोन शब्द होते. मी तोंड उघडलंही. पण थांबा म्हटल्यावर पुढे काय सांगणार होते? नट सैल आहे. मग रेघ कशी काय आहे, वैशाली? या एका प्रश्नाला मी घाबरले. माझ्या हातात नवऱ्याचा ओला शर्ट होता. मी वहिनींना उलट हात केला, आणि गाडी फाटकातून बाहेर गेली.

दिवसभर कार्यालयात मी फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. एक फोन करायचा होता फक्त. प्रत्येक तासाला ते जास्त अवघड होत गेलं, कारण आता 'इतका वेळ का सांगितलं नाहीस' हाही प्रश्न आला होता. असं असतं बघा. आपणच दार लावायचं आणि आपणच आत कोंडून घ्यायचं.

परत येताना दिवे घाटाच्या उतारावर दादांनी मागचा ब्रेक दाबला. पट्टी सुटली, झाकण फिरलं, चाक जागीच जाम झालं. दादा खरचटले. वहिनी उजव्या कोपरावर पडल्या. दोनदा ऑपरेशन झालं. तो हात अजून डोक्यापर्यंत जात नाही. रोज सकाळी दादा त्यांची वेणी घालतात.

मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा दादा बाहेर बाकावर बसले होते. गाडी त्यांनी बघितली होती. पट्टीवर अर्धी लाल रेघ शिल्लक होती आणि नट गायब. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा.

"वैशाली, त्या नटाला तू पाना लावला होतास ना?"

"हो दादा. लावला होता."

त्यांनी मान खाली घातली. संशय नव्हता हो त्यांच्या डोळ्यांत. असता तर मी कदाचित बोलले असते. ते नुसते आठवत होते — रेघ होती, म्हणजे नट घट्ट होता, मग नंतर कोणी हात लावला? त्यांना काही आठवेना. आठवणार कुठून?

आणि इथे मी जे केलं, ते सांगायलाच मी एवढा वेळ फिरते आहे. नुसतं 'हो' म्हणून गप्प बसले असते तर एक खोटं झालं असतं. मी पुढे बोलले. म्हटलं, "दादा, मंगळवारी संध्याकाळी तुम्ही गाडीपाशी बसलेले दिसलात मला. चेन बघत होतात बहुतेक."

ते बसले नव्हते. मंगळवारी पार्किंगमध्ये कोणीच नव्हतं.

दादांनी मान वर केली. "मग मीच," म्हणाले. "मीच सैल केला असणार."

तेव्हापासून दादांनी पाना उचलला नाही. गाडी भंगारात दिली, अवजारांची पेटी मला दिली. नोकरीत होते तोवर तिथे यंत्र चालवत राहिले, पण घरी आले की कशालाच हात लावत नाहीत. वहिनी लावू देत नाहीत, हेही खरं. कुकरचा दांडा हलायला लागला, वैशालीला बोलवा. गॅसचा रेग्युलेटर बसवायचाय, वैशालीला बोलवा. मी जाते, दारात जयभीम घालते, आणि चाळीस वर्षं लोखंडाशी खेळलेला माणूस खुर्चीत बसलेला असताना त्याच्या घरचा स्क्रू आवळते. वहिनी म्हणतात, तू आहेस म्हणून बरं आहे बाई.

सुटायचा प्रयत्न केला मी. पाठ दुखते म्हणून रविवारी खाली जाणं बंद केलं, तर तिसऱ्या आठवड्यात वहिनी स्वतः दोन मजले चढून आल्या. तू नसलीस तर हे पार्किंगमध्ये जातच नाहीत, नुसते खिडकीत बसतात, म्हणाल्या. बदली मागितली, मिळाली नाही. आमच्या खात्यात नको असते त्याला मिळते. विहारात पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला मी नुसते ओठ हलवते. शेजारी वहिनी असतात. एकदा दादांना एकट्यात गाठून सुरुवात केली — "दादा, त्या मंगळवारचं..." — तर त्यांनीच हात वर केला. नको गं, म्हणाले, तुला कशाला त्याचा त्रास.

आणि रविवार तर आहेतच. आता तिथे मी शिकवते. कोणी नवीन आलं की दादा त्याला जवळ बसवून आपली गोष्ट सांगतात. खूण झाल्यावर परत हात लावायचा नाही, मी लावला आणि बायकोचा हात घालवला. दर वर्षी त्यात भर पडते. आता त्या मंगळवारी पाऊस भुरभुरत होता. आता पार्किंगमधला दिवा गेला होता, म्हणून नीट दिसलं नाही. परवा म्हणाले, हाताला ग्रीस लागलेलं मला आजही आठवतं. एका वाक्याचं माझं खोटं, आणि या माणसाला त्याचं ग्रीससुद्धा आठवतं. मी तिथेच असते. ऐकते. दादा माझ्याकडे बघतात आणि मी मान हलवते.

मी त्यांना धडा शिकवायला निघाले होते.

परवाच्या रविवारी मी जरा लवकर खाली गेले होते. वहिनी विहारात गेल्या होत्या, बाकीचे यायचे होते. मी चेनचा ताण नीट करून मागचं चाक बसवत होते. दादा आले, शेजारी उभे राहिले. मग अगदी हळू, लहान मूल विचारतं तसं, म्हणाले, "एक आवळू का मी?"

मी पाना त्यांच्या हातात दिला. ते खाली बसले. कान देऊन त्यांनी तो नट आवळला, आणि बरोबर जिथे थांबायचं तिथे थांबले. पाना माझ्याकडे दिला. "तपास."

मी तपासला. या वेळी खरंच पाना लावला, जोर देऊन बघितला. जराही हलला नाही. म्हटलं, "घट्ट आहे दादा. एकदम बरोबर आहे."

"तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस."

"नाही दादा. खरंच."

"नको," ते म्हणाले. "तो सोड, आणि तूच आवळ परत."

पार्किंगमध्ये आम्ही दोघंच होतो. दादा वाट बघत होते. मी पाना लावला. दादांनी आवळलेला, चांगला घट्ट नट मी सोडला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत परत आवळला.