पेढीचा मुनीम आणि अकरा ताके

मार्चमधला बुधवार, सकाळचे अकरा. उधन्यातला एक लूम्सचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. हजर: मी, एक जमादार, दोन शिपाई, दोन पंच, कारखान्याचे शेठ आणि मागांची देखभाल करणारा त्यांचा मास्तर. ही घटना आठवायला मला आजही डायरी उघडावी लागत नाही.

आदल्या दिवशी कारखान्याला साप्ताहिक सुट्टी होती. भरदुपारी कोणीतरी मागच्या बाजूचा पत्रा उचकटून आत शिरले आणि मागांवर विणून झालेले कापडाचे अकरा ताके काढून टेम्पोतून घेऊन गेले. सकाळी चोरी लक्षात आल्यावर शेठने आम्हाला फोन केला आणि मागही चालू केले. ऑर्डर थांबत नाही, म्हणाले. त्या खडखडाटात ओरडून बोलत मी पंचनामा उरकला. पत्रा, चाकांचे ठसे, जाण्याची वाट, सगळे क्रमाने लिहिले. शेवटी 'माग सुस्थितीत व चालू' असे लिहून पंचांच्या सह्या घेतल्या.

चोर कोण याची खबर मास्तरानेच दिली. तो धुळ्याकडचा, माझ्याच भागातला. मला बाजूला घेऊन अहिराणीत बोलला, त्यामुळे मला तो लगेच आपला वाटला. म्हणाला, हे पेढीचे काम आहे, त्यांचा मुनीम परवाच गल्लीत दिसला होता.

पेढी हे कापडचोरांच्या एका जुन्या टोळीला पोलिसांनीच दिलेले नाव. एकाने पाहणी करायची, एकाने पत्रा काढायचा, एकाने माल फिरवायचा आणि पकडले गेलो तर तुरुंगात कोणी जायचे हेसुद्धा आधीच ठरलेले. मुनीम हा त्यांचा प्रमुख. तो स्वतः कधी जागेवर जात नसे, फक्त सांगत असे. पेढी मोडून बरीच वर्षे झाली होती. मुनीम आता साठी ओलांडलेला, कामरेजच्या एका सोसायटीत दिवसपाळीचा वॉचमन होता. जिन्याखालच्या खोलीत नवराबायको राहत.

त्याला बोलावले. जमादाराने दारातच सुरुवात केली, "या मुनीमजी! पेढी पुन्हा उघडली वाटतं?"

"पेढी कधीच बंद झाली, जमादार. पाटी तेवढी तुमच्या भिंतीवर राहिलीय," तो म्हणाला. गुन्हेगारांच्या फलकावर त्याचा तरुणपणीचा फोटो अजून होता.

मी विचारले, "मंगळवारी दुपारी कुठे होतास?"

"गेटवर. पण साहेब, सोसायटीत विचारू नका. तिथे माझं मागचं कोणाला माहीत नाही. कळलं तर खोली जाईल. म्हातारीला घेऊन कुठे जाऊ?"

मी विचारले. पडताळणी करणे माझे कामच होते. सेक्रेटरीला फोन लावला, मंगळवारची हजेरी विचारली. तो घाबरून गुजरातीत म्हणाला, "साहेब, आ माणस चोर छे?" मी म्हणालो, "जुनं रेकॉर्ड आहे, बाकी चौकशी चालू आहे." एवढेच बोललो. हजेरी होती, पण मुनीम जागेवर जात नाही हे मला माहीत होते, म्हणून हजेरीने माझा संशय फिटला नाही. तीन दिवस त्याला रोज सकाळी दहाला बोलावले, संध्याकाळी सोडले. त्याच त्या प्रश्नांना तीच ती उत्तरे. आम्ही दोघेही थकलो होतो.

चौथ्या दिवशी तो आला तेव्हा सोबत बायको होती आणि दोन गाठोडी. दोघे बाकावर बसले. मग त्यानेच मला विचारले, "साहेब, चोरीनंतर माग किती दिवस बंद होते?"

"बंद कुठले? त्याच सकाळी चालू झाले."

तो हसला. "मग आमच्या हातचं नाही. आम्ही कापड सरळ फाडून ओढायचो. ताण गेला की उभ्या धाग्यांच्या तारा तुटायच्या, शेठला दोन दिवस सांधत बसावं लागायचं. म्हणजे तुमच्या चोराने ताका कापून राहिलेलं टोक पुन्हा मागाच्या रुळावर गुंडाळलंय. चोरी करताना कोणी माग लावून ठेवतं का?"

मी पंचनामा काढला. शेवटची ओळ माझ्याच अक्षरात होती: माग सुस्थितीत व चालू.

मास्तराला बोलावले. या वेळी अहिराणी मी बोललो. "ताका लिधा ते लिधा, टोक परत रुळवर काबर गुंढाळं?" म्हणजे, टोक परत कशासाठी गुंडाळलेस.

 तो जवळजवळ चिडून म्हणाला, "माग तसाच कसा सोडू साहेब? तार तुटी जातस!" पंधरा वर्षांची हाताची सवय. बोलून गेल्यावर त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. संध्याकाळपर्यंत बारडोली रस्त्यावरच्या एका गोडाऊनमधून अकराही ताके आणि त्याचे दोन साथीदार मिळाले.

वरिष्ठांनी शाबासकी दिली. मी मात्र त्यातून शिकलो ते असे: ज्याचे रेकॉर्ड आहे त्याची आपण चार चार वेळा तपासणी करतो आणि जो आपल्या बोलीत बोलतो त्याची एकदाही नाही. चुकीच्या माणसाला सोडून दिले की पोलिसाचे काम संपते, असे नियमात आहे. त्याची गेलेली खोली नियमात कुठेच नाही.

जाताना मुनीम म्हणाला होता, "साहेब, मी त्यात नव्हतो एवढं एका कागदावर लिहून द्या. सेक्रेटरीला दाखवतो." मी म्हणालो, आधी चार्जशीट होऊ दे. चार्जशीटनंतर बंदोबस्त लागला, मग बदली झाली. सोसायटीत गेलो तेव्हा गेटवर दुसरा माणूस होता. ते दोघे कुठे गेले, कोणालाच सांगता आले नाही.

निवृत्तीनंतर मी तो कागद लिहिला. शिक्का नाही, साधी सही आहे. ज्याला द्यायचा, तो माणूस अजून शोधायचा आहे.