रद्दीवर संघ चालवणारे म्हसकर सर

आधी तक्रार. म्हसकर सरांच्या गौरव समितीचं पत्र आलं. त्यात गौरव अंकासाठी माझ्याकडे लेख मागितलाय आणि खाली एक ओळ घातलीय की, फुटबॉल संघाचा सगळा खर्च आता एका कंपनीने उचलला आहे, यापुढे दारोदार रद्दी गोळा करावी लागणार नाही, ही आनंदाची बाब आहे. आनंद कोणाचा? दारं आमची, आम्हाला कोणी विचारलं? आणि मी इंग्रजी पेपरचे पैसे आगाऊ भरून बसलेय, त्याचं काय?

आता सगळ्यांना जय भीम, आणि ज्यांना नमस्कार चालतो त्यांना नमस्कार.

म्हसकर सर ठाण्याच्या कॉलेजात खेळ शिकवतात आणि साठ पूर्ण करून आता निवृत्त होताहेत, हे बाकीच्यांनी लिहिलं असेलच. पदव्याही लिहिल्या असतील. मी चौथी शिकलेली. वागळे इस्टेटमध्ये औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावून संसार केला. मला सर कळले ते आमच्या जिन्यावरून.

आमचे मालक वारले, मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला, त्यानंतरच्या एका रविवारी बेल वाजली. दारात पांढऱ्या बुटातले एक गृहस्थ, हातात वजनकाटा, मागे गोणपाट घेतलेली दोन पोरं.

"मावशी, रद्दी आहे का? कॉलेजच्या फुटबॉलसाठी."

"फुटबॉल रद्दी खातो काय?"

"खातो ना! विद्यापीठाच्या मॅचला जायचं भाडं खातो, बूट खातो. केळी तर विचारूच नका."

"आणि कॉलेज काय खातं?"

सर नुसते हसले. कॉलेजबद्दल वाकडा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ते काम मी करते. क्रिकेटला निधी मिळतो, फुटबॉलला शुभेच्छा. शुभेच्छांवर टेम्पो चालत नाही.

तेव्हापासून महिन्याचा पहिला रविवार सरांचा. लिफ्ट नसलेले तीन मजले चढून यायचे. माझ्यासमोर वजन करायचे, किती भरलं ते मोठ्याने सांगायचे, मग चहा घ्यायचे. पोरं तेवढ्यात माळ्यावरचा डबा काढून द्यायची, ट्यूब बदलायची. मालक गेल्यावर मी पेपर बंद करणार होते, तो चालू ठेवला. मग कळलं, इंग्रजी पेपर जाड असतो, त्याला भाव बरा येतो. लगेच तोही लावला. त्यातलं एक अक्षर मला कळत नाही. चित्रं बघते, घडी घालते, गठ्ठ्यावर ठेवते. शेजारीण विचारते, "आजी, इंग्लिश शिकताय काय?" मी सांगते, "नाही गं, वजन वाढवतेय."

सरांचा स्वभाव कसा, ते एकाच गोष्टीत सांगते. मालकांच्या स्मृतिदिनाला मुलाने पेपरात फोटो छापून आणला. पुढच्या खेपेला तो पेपर सरांना गठ्ठ्यात दिसला. त्यांनी अलगद बाजूला काढला.

"मावशी, हा चुकून आलाय."

"चुकून नाही, मीच घातलाय. त्यांना नुसतं बसून राहायची सवय नव्हती. घेऊन जा."

 सरांनी पान सरळ केलं, घडी घातली आणि काट्यावर ठेवलं. दुसरं कोणी असतं तर मला समजावत बसलं असतं, रडवून गेलं असतं. सरांनी माझा शब्द घेतला आणि रद्दी नेली.

एकदा म्हणाले, "चला मावशी, तुमची रद्दी कशी पळते ते बघायला." कल्याणला मॅच होती. मला टेम्पोत पुढे बसवलं. वाटेत इडली दिली. मी विचारलं, "ही रद्दीतली काय?" तर म्हणाले, "नाही, माझ्या खिशातली. रद्दीचे पैसे खेळणाऱ्यांचे." मैदानावर त्यांनी आमच्या गोलकीपरचे हातमोजे दाखवले. "ते तुमच्या इंग्रजी पेपरचे." मग मी दुसरं कशाला बघतेय? पण बॉल काही तिकडे फिरकेना. शेवटी मी ओरडले, "अरे, इकडे मारा की रे कोणीतरी!" आमच्याच पोरांनी डोक्याला हात लावला. नंतर एकदा बॉल आला आणि त्या हातमोज्यांत अडकला. पैसे वसूल.

घरी आल्यावर हे कोणाला तरी सांगायचं होतं. मुलाला फोन केला, तो मीटिंगमध्ये होता. मग मेथी निवडता निवडता भिंतीलाच सांगितलं.

माझी रड नाही ही. मुलगा दर शनिवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो, मी हो म्हणते. संपलं. एरवी दार वाजतं ते चुकून आलेल्या पार्सलसाठी. हा घराचा हिशोब आहे, तो फुटबॉलच्या हिशोबाला जोडलेला आहे, म्हणून इथे लिहिला.

कंपनीवर माझा राग नाही. पोरांना नवे बूट मिळोत, एसी बस मिळो. पण मी जिथे लेबलं लावली तीही कंपनीच होती. एका सकाळी आम्ही बायका गेलो तर गेटला कुलूप. आता तिथे काचेची ऑफिसं आहेत. तेव्हा कंपनीचे पैसे घ्या, पण रद्दीची सवय मोडू नका. कंपनी हात आखडता घेईल त्या दिवशी पुन्हा आमच्याच जिन्याकडे यावं लागेल. तेव्हा आम्ही असूच असं नाही.

सरांना भरपूर आयुष्य मिळो, आणि त्या आयुष्याबरोबर तीन मजले चढतील असे गुडघेही मिळोत. निवृत्त माणसाला रविवारची सुट्टी वेगळी लागत नाही, हेही त्यांनी लक्षात घ्यावं.

गठ्ठा खिडकीला टेकलाय. तो रद्दीवाल्याला द्यायचा की ठेवायचा, एवढंच मला कळू द्या. समितीने पत्र पाठवू नये, मी वाचणार नाही. कंपनीच्या माणसाने फोन करू नये. उत्तर म्हसकर सरांनीच द्यायचं, पहिल्या रविवारी, वर येऊन. बेल बिघडलीय, दार वाजवावं.