झाडू बघून किंचाळणारा पोपट

आल्वारादो बंदराच्या चौकात, कमानींखाली, रेमेदिओस उस्कांगाने उभा जन्म पिकादा विकल्या. मक्याच्या जाड भाकरीचे काठ गरम असतानाच चिमटीने दुमडायचे, वर चटणी, चीज, कोळंबी. बोटं भाजून भाजून निबर झाली होती. मग फेर्मीन लागुनेसने गावभर सांगितलं की बाईची कोळंबी शिळी असते, कुणाचं तरी पोर आजारी पडलं. कोणाचं पोर, ते कधीच कळलं नाही. गिऱ्हाईक आटलं आणि कमानींखालच्या त्याच जागेवर फेर्मीनची टेबलं लागली.

हा फेर्मीन परका नव्हता. त्याच्या लेकीला बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून रेमेदिओसनेच हातात धरलं होतं. त्या नात्याने तो तिला ‘कोमाद्रे’ म्हणायचा. म्हणूनच तिच्या मनातला जाळ विझत नव्हता. आता ती घराच्या खिडकीतून जेमतेम विकायची आणि रोज सकाळी पिठाचा उंडा असा मळायची, जणू हाताखाली फेर्मीनची मान आहे.

हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला, पत्रे उडाले, आणि वारा पडल्यावर तिच्या अंगणातल्या लिंबावर एक पोपट बसलेला दिसला. हिरवा, पिवळ्या डोक्याचा, पंख कातरलेले, पायात साखळीचा तुकडा. तिने हात पुढे केला तर त्याने बोट फोडलं.

“चाव बाबा,” ती रक्त चोखत म्हणाली. “मलाही कुणालातरी चावायचंय.”

शेजारणींना विचारलं, कोणी मालकी सांगितली नाही. पोपट राहिला. पण अंगण झाडायला तिने झाडू उचलला की तो किंचाळत जमिनीवर आपटायचा, भिंतीला चिकटून थरथरायचा. रेमेदिओसने झाडू माळ्यावर टाकला आणि गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने फरशी पुसू लागली.

“अगं रेमे, पाखरासाठी गुडघे घासतेस?” शेजारची चोले भिंतीवरून ओरडली.

“मार खाल्लाय त्याने. कोणाचा ते कळू दे, मग बघते.”

ती त्याच्याकडे पाठ करून पपई खात बसायची आणि एक फोड मागे ठेवायची. आधी ती नसताना तो खायचा, मग ती असताना, मग तिच्या चपलेवर बसून. पुढे हातावर आला. तेव्हा कुठे तिला साखळीचा तुकडा कापून काढता आला. एके सकाळी ती पीठ मळत असताना तो दंडावरून चढत खांद्यावर आला, तिच्या वेणीतला पांढरा केस उपटला आणि खोकला. माणसासारखा, घसा खरवडून. मग म्हणाला,

“कालची कोळंबी आधी घाल! लिंबू पीळ, कोण हुंगतंय!”

फेर्मीनचा आवाज. हुबेहूब. रेमेदिओस खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. झाडू कोणाचा, तेही कळलं.

रविवारी चर्च सुटल्यावर ती पोपटाला खांद्यावर घेऊन भरल्या चौकात थेट फेर्मीनच्या टेबलांपुढे उभी राहिली. आता बोल, ती मनात म्हणत होती, बोल!

“अरेच्चा, माझा पोपट!” फेर्मीनने हात पुढे केला. “कोमाद्रे, चोऱ्या कधीपासून?”

पोपट तिच्या झंपरात घुसला. चकार शब्द नाही. लोक हसले.

“राहू दे तुलाच,” फेर्मीन म्हणाला. “तुझ्याकडे जेवायला दुसरं येतंय कोण?”

घरी आल्यावर पोपटाने छातीची पिसं उपटली. हातावर येईना. ज्याने मारलं त्याच्याचपुढे आपण याला नेऊन उभं केलं, हे रेमेदिओसला खात राहिलं. पुन्हा पाठ करून बसणं, पुन्हा पपई. या वेळी फार दिवस लागले. तिने त्याला परत कुठेही नेलं नाही. राग मात्र दुप्पट झाला.

उन्हाळ्यात तो आपणहून खिडकीच्या गजावर बसू लागला. खाली कोळणी पिकादा घ्यायला उभ्या होत्या, चोले लिंबू कापत होती, आणि पोपट खोकला. “कालची कोळंबी आधी घाल! लिंबू पीळ, कोण हुंगतंय!”

“बाई गं!” एक कोळीण किंचाळली. “हा तर फेर्मीन!”

संध्याकाळपर्यंत बंदरभर झालं. लोक ऐकायला येऊ लागले, खाऊन जाऊ लागले. चौकात पोरं फेर्मीनला विचारायची, “काका, आजची की कालची?” त्याची टेबलं रिकामी पडली.

शेवटी तो खिडकीपाशी आला. “कोमाद्रे, त्याचं तोंड बंद कर. कमानींखालची अर्धी जागा देतो तुला.”

“जीभ तुझी आहे, फेर्मीन. मी कशी बंद करू?”

पोपट तिच्या खांद्यावर होता. थरथरला, मानेची पिसं फुलवली, पण हलला नाही. रेमेदिओसने खिडकी लावून घेतली.

फेर्मीनने जागा सोडली. रेमेदिओस तिथे परत गेली नाही. गर्दीत पोपट बिथरला असता.

“आता तरी राग सोड,” चोले म्हणाली. “खंगलाय फेर्मीन. एकदा भेटून ये.”

“खंगू दे,” रेमेदिओस तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. “तू त्या कोळणींना वाढ.”